कोरडं चालतं

“जो देव माझ्या हातची भाकरी खाईना त्याला सोडून मी इथं आले, साहेब, आता ह्यालाबी सोडायला लावू नका.”

कौसल्याबाई हे बोलली ती धारवाडच्या मिशन बंगल्याच्या पडवीत, उभ्यानं. समोर खुर्चीत गोरे पाद्री होते. बाजूला बाकावर मंडळीचे वडील होते. ख्रिस्ती लोक आपल्या देवळाच्या सगळ्या माणसांना मिळून मंडळी म्हणतात, आणि तिचा कारभार पाहणाऱ्यांना वडील. कौसल्याबाईचा नवरा सटवाजी खांबापाशी उभा होता आणि जमिनीकडं बघत होता.

साल छत्तीस असावं. ती ओरडली नाही. विहिरीवर घागर बुडेपर्यंत बाया एकमेकींशी बोलतात, तसा तिचा सूर होता. त्या दिवशी बाकावर बसलेल्यांपैकी एकानं फार वर्षांनी सांगितलं, की बाईचा आवाज चढला असता तर आम्हांला बरं झालं असतं. चढलेल्या आवाजाला उत्तर देता येतं.

कौसल्या अळणावरची. जंगलातून उतरलेलं लाकूड स्टेशनच्या पलीकडं रचून ठेवत, त्याच्याही पलीकडं, गावाबाहेर, तिच्या लोकांच्या झोपड्या होत्या. बाप दोर वळायचा. सागाचे ओंडके ओढायचे दोर, बैलांची दावी, आणि जत्रा आली की गावदेवी द्यामव्वाच्या रथाचा दोर. तो वळायला घर सगळं लागायचं. पीळ धरून धरून पोरीच्या तळव्यांना घट्टे पडले होते. दोर तयार झाला की बाप तो वेशीपाशी नेऊन ठेवी आणि मागं सरे. पुजारी दोरावर पाणी शिंपडी. मग तो देवीचा होई, आणि ज्यांनी वळला त्यांनी त्याला शिवायचं नसे. रथ निघाला की ही माणसं लांब बांधावर उभी राहून आपला दोर बघत. दोर तुटला नाही याचा अभिमान वाटून घेत. अभिमान वाटायला माणसाला फार लागत नाही. वाईट आहे ते तेवढंच.

एका जत्रेला कौसल्येनं स्वतः भाकरी केली. पहिलीच. नाचणीची, काठ फाटलेली. आईला न सांगता ती पानात गुंडाळून देवळाकडं गेली आणि जेवढं लांब उभं राहायचं असतं तेवढं लांब उभी राहिली.

“काय ग?” पुजाऱ्यानं विचारलं.

“निवद.”

पुजारी वाईट माणूस नव्हता. तो हसला. समजुतीनं म्हणाला, “पोरी, नाचणी आणायची. मूठभर, ओंजळभर, असेल ती. कोरडं चालतं. तुझ्या हातचं पाणी लागलेलं देवीला कसं चालेल?”

मग त्यानं ती भाकरी समोरच्या कुत्र्याला घालायला सांगितली. तिनं घातली. “समदी खाल्ली त्येनं,” असं ती पुढं सांगायची, “आणि शेपूट हलवली. त्या गावात मला नावाजलं ते त्या कुत्र्यानं.”

लोक हसायचे. ती हसायची नाही.

कोरडं चालतं. दाणा सगळ्यांच्या हातून आलेला चालतो. नांगरणारा, कापणारी, मळणारा, कुणी विचारत नाही. त्याला पाणी लागलं की तो कुणाच्या तरी हातचा होतो. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता आणि सगळ्यांना पाठ होता.

लग्न झालं ते सटवाजीशी. तो वखारीत ओंडके लावायचा. अंगानं तगडा, गळ्यानं गोड, आणि कुणी “शाब्बास” म्हटलं की दिवसभर पाय जमिनीला न लागणारा. त्या दोघांच्या छपराखाली एका उन्हाळ्यात धोंडिबा नावाचा म्हातारा मिशनचा उपदेशक आला. पाठीवर पुस्तकांचं गाठोडं. वस्तीत तो काय बोलला, हे कौसल्येला कधीच नीट आठवलं नाही. उन्हानं त्याला घेरी आली, तो तिच्या दारात टेकला आणि म्हणाला, “बाई, भाकरी असेल तर दे.”

“कुनाच्या दारात बसलायसा, ठावं हाय न्हवं?”

“भूक लागलीय, एवढं ठाऊक आहे.”

त्यानं लाल मिरचीच्या रंजक्याबरोबर भाकरी खाल्ली. दुसरी मागितली. तिसरी मागितली तेव्हा सटवाजी हसला. कौसल्या चुलीकडं तोंड करून बसून राहिली. धूर डोळ्यांत गेला म्हणाली.

तेवढ्यावर ती ख्रिस्ती झाली. पाप, पश्चात्ताप, तारण हे शब्द तिनं नंतर शिकून घेतले, आणि ते तिला पटलेही. पण पाया ती तिसरी भाकरी. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्यांनी तिला रूथ हे नाव सुचवलं. ती म्हणाली, “नको, साहेब. इतकी वर्सं त्यो मला कौसल्या म्हून बघतोय. नाव बदललं तर म्या त्याला गावायची कशी?” पाद्री हसले. नाव राहिलं.

मग दोघं हुबळीला आली. सटवाजीला रेल्वेच्या वर्कशॉपात खलाशाचं, म्हणजे सामान ओढणाऱ्या मजुराचं, काम लागलं. रविवारी ती मंडळीच्या देवळात जात. चुना दिलेल्या भिंती, लाकडी बाकं, पुढं मेज. मागं बसा, असं त्यांना कुणी सांगितलं नाही. मागचं बाक नेहमी मोकळं असायचं, इतकंच. प्रभुभोजनाच्या दिवशी येशूचं शरीर म्हणून पावाचे तुकडे आणि त्याचं रक्त म्हणून द्राक्षारसाचा प्याला पुढून मागं यायचा. एकच प्याला, सगळ्यांच्या ओठांचा. तो मागून पुढं निघाला, असं एकदाही घडलं नाही.

“देवळाभाईर आपुन हुबं ऱ्हायचो,” घरी आल्यावर ती म्हणाली. “हितं बसायला बाक हाय. फरक काय, तर गुडघ्याला आराम.”

“तुला समदीकडं पुजारीच दिसतुया,” सटवाजी म्हणाला.

“हाय म्हून दिसतुया.”

रायापूर हुबळी-धारवाड रस्त्यावर, मधे. तिथं रस्त्याची खडी फोडायला अळणावरकडची माणसं आणून बसवली होती. त्यांत दोघांचे सोयरे होते, ओळखीचे होते. रविवारी देवळातून उठलं की ही दोघं रायापूरची वाट धरत. सटवाजी गायचा. कौसल्या गोष्टी सांगायची, आणि सांगताना येशूला खडी फोडणाऱ्यांत बसवायची. पाच भाकरींत येशूनं हजारो माणसं जेवू घातली, ती गोष्ट सांगताना ती भाकरी कुणाच्या घरची होती हे ती हटकून विचारायची. पुस्तकात ते लिहिलेलं नाही. “न्हाई लिवलं, म्हंजे कुनीबी केली आसंल,” ती म्हणायची. “इचारलं न्हाई त्येनं. घेतली, मोडली, वाटली.”

हळूहळू वस्ती त्यांच्याकडं झुकली. मग दोघांनी ठरवलं की इथंच मंडळी करायची. हुबळीच्या देवळाचं मागचं बाक वाढवायचं नाही. नवं घर बांधायचं, ज्यात बाकच नसेल.

त्यांनी ते बांधलं. सुट्टीच्या दिवशी वस्ती सगळी चिखल तुडवायला उतरली. भिंती मातीच्या, वर जुने पत्रे, खाली शेणानं सारवलेली जमीन, जिच्यावर पुढं आणि मागं नसतं. मेज सटवाजीनं जुन्या फळ्यांतून केलं आणि त्याचे पाय इतके घासले की कौसल्या म्हणाली, “राजाला न्हायला घालताय जनू.” घंटा म्हणून दाराशी रुळाचा एक तुकडा टांगला. समोर चिंच होती, मोठी. पुढं त्या शेडमध्ये कोंबड्या राहू लागल्या आणि प्रार्थना चिंचेखाली होऊ लागली. ते का, ते ओघानं येईल.

शेड बांधली म्हणून मंडळी होत नाही. पाद्री येतात, मेजावर भाकर मोडतात, प्याला देतात, तिथून मंडळीची गणना सुरू होते. ते आले नाहीत तर ती शेडच. शिवाय त्याच दिवशी ते सटवाजीला उपदेशक म्हणून नेमणार होते. म्हातारा धोंडिबा जे होता ते आपण होणार, या विचारानं सटवाजी कारखान्यात लोखंडाशीसुद्धा गोड बोलत असे.

पहिली अडचण पावाची निघाली. वस्तीतली सोनाबाई, खडी फोडणाऱ्यांची पुढारीण, हात कमरेवर ठेवून म्हणाली, “येशू खाऊ म्हनशीला तर खाऊ, पर पाव न्हाई. पाव हिरीत टाकला तर गाव बाटतं, आन तुमी तोंडात घाला म्हनताय.”

“पाव म्हंजे गव्हाची भाकरीच की, सोनाक्का,” सटवाजी म्हणाला.

“मग भाकरीच द्या की! ती कुटं फुगून बसतीया?”

पाद्र्यांना हे सांगितलं तेव्हा ते फार हसले. त्यांची कानडी चांगली होती, मराठी पुस्तकी. “भाकर ही भाकर आहे,” ते म्हणाले. “जोंधळ्याची असू द्या.” हा माणूस मनाचा मोठा होता, हे लिहून ठेवलं पाहिजे. आपण जेवढं पाहिलं तेवढ्यापुरता प्रत्येकजण मनानं मोठा असतो.

वस्तीतल्या प्रत्येक घरानं मूठ मूठ जोंधळा दिला. कौसल्येनं तो जात्यावर दळला. आणि तेव्हा मिशनच्या पडवीत वडिलांपैकी भीमसेनअण्णांनी विचारलं, “भाकरी करणार कोण?”

“म्या,” कौसल्या म्हणाली.

त्यावर जी कुजबुज झाली, तिच्या शेवटी ती सुरुवातीला सांगितलेलं ते वाक्य बोलली.

भीमसेनअण्णा धारवाडात शिक्षक होते. ब्राह्मणाच्या घरात जन्मले, कॉलेजात असताना ख्रिस्ती झाले. बापानं त्यांचं जिवंतपणी श्राद्ध घातलं. विहीर बंद झाली, न्हावी बंद झाला, ठरलेलं लग्न मोडलं. त्यांनी ते सगळं सोसलं. तीसेक माणसांच्या मंडळीत त्यांच्याइतकी किंमत दुसऱ्या कुणी मोजली नव्हती, आणि हे त्यांना ठाऊक होतं. तेच त्यांचं दुखणं होतं. ज्यानं फार दिलं त्याला वाटतं, आता माझ्याकडं आणखी कुणी मागू नये.

पडवीतल्या त्या दिवसानंतर पाद्री म्हणाले, विचार करू. थोड्या दिवसांनी भीमसेनअण्णा स्वतः हुबळीला आले आणि वर्कशॉपच्या फाटकाशी सटवाजीला भेटले. खांद्यावर हात ठेवला. आजवर ठेवला नव्हता.

“सटवाजी, साहेब येणार. ईस्टरला. मी बोललो त्यांच्याशी.”

“अण्णा!”

“तुझं पण नक्की. उपदेशक. फक्त एक कर की. वस्तीनं दिलेलं पीठ माझ्याकडं दे. भाकरी आमच्या घरी होईल, हेमावती करील. पीठ तुमचं, जोंधळा तुमचा, सगळं तुमचंच. नुसतं थापायचं तेवढं आमच्याकडं. मग कुणाला काही बोलायला जागा नाही बघ.”

सटवाजीला ते फार सुंदर वाटलं. धारवाडच्या अण्णांच्या घरात, वस्तीचा जोंधळा. खडी फोडणाऱ्यांच्या मुठी त्या घरच्या परातीत. अण्णांच्या बायकोचे हात त्याला लागणार. त्याच्या बापजाद्यांत कुणाच्या वाट्याला हा मान आला होता? त्यानं अण्णांना तिथंच थांबवलं, धावत घरी गेला आणि पिठाची पिशवी आणून त्यांच्या हातात दिली. अण्णांनी ती घेतली. न कचरता घेतली. तेही सटवाजीच्या ध्यानात राहिलं.

कौसल्या रायापूरहून परतली तेव्हा तो दारातच उभा होता.

“जमलं! साहेब येत्यात. आन आपलं पीठ कुटं गेलंय, वळख बगू.”

“कुटं?”

“अण्णांच्या घरात. हेमावतीबाई करनार हाईत भाकरी. आपल्या पिठाची! सोता मागून नेलं त्येंनी. आपल्या हातांनी पिशवी धरली.”

तिनं डोक्यावरची पाटी उतरवली. पाटी भिंतीला लावून ठेवली. मग म्हणाली, “पिशवी बांधल्याली व्हती न्हवं?”

“व्हय. कशापाय?”

“पीठ कोरडं व्हतं.”

“पीठ कोरडंच आसतंय...” तो म्हणाला, आणि थांबला. अळणावरचा तो होताच. वेशीपाशी ठेवलेला दोर त्यानंही पाहिला होता.

“ह्या हातांनी दळलं त्ये चाललं,” ती म्हणाली. “हे हात पान्यात बुडालं की चालत न्हाईत. तुमी किती हुरळलासा! द्यामव्वाचा पुजारीबी पिशवी सोताच्या हातांनीच घेत व्हता.”

“कौसे, साहेब आलं न्हाईत तर समदं वाया जाईल. वस्तीनं चिखुल तुडीवला...”

“चिखुल वल्ला आसतोय,” ती म्हणाली. “त्यो चालला त्यास्नी.”

त्यानं हात उगारला नाही. बसला. गुडघ्यांवर हात ठेवले. मग म्हणाला, “मला उपदेशक व्हायचं व्हतं गं.”

“व्हा की. म्या कुटं न्हाई म्हनलं? पर काय उपदेश करनार, त्ये आधी मला सांगा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडीनं धारवाडला गेली. भीमसेनअण्णांच्या घराला पुढं कट्टा होता. कट्ट्यावर त्यांची आई बसली होती, केस काढलेली, लाल लुगड्यातली, वाती वळत. नवरा मेल्यावर ही म्हातारी मुलाकडं राहायला आली होती. मुलगा बाटलेला आणि ती आपल्या सोवळ्यात. परसात तिची वेगळी चूल होती.

“कोण ग?” म्हातारी म्हणाली. “अं... ती का तू, भाकरीवाली?”

“व्हय, अक्का.”

“लांब बस. नाही, ऊन आहे तिथं, इकडं सावलीला बस. पण लांब. माझा मुलगा तुझ्या देवाकडं गेला, आता चुलीकडं पण नेतेस की काय?”

“द्येव माझा न्हवं, अक्का. त्येंनीच आदी धरला. म्या तर त्येंच्या मागनं आले.”

म्हातारी खुदकन हसली. मग वात वळता वळता म्हणाली, “जीभ आहे तुला. मला पण होती. सासरी गेली.” आणि आत तोंड करून हाक मारली, “अरे भीमण्णा, बा इल्ली, इकडं ये! तुझ्या देवाची माणसं आलीत.”

अण्णा बाहेर आले. कौसल्येला बघून त्यांचा चेहरा शाळामास्तरासारखा झाला.

“पीठ परत पाहिजे का, कौसल्याबाई?”

“न्हाई. इचारायला आले. तुमी माझ्या हातची भाकरी का खाईनासा?”

त्यांनी आईकडं पाहिलं. मग अंगणात उतरले, थोडे तिच्याजवळ आले आणि हळू बोलले. “आई आली तेव्हा तिनं एकच मागितलं. म्हणाली, बाटलास ते बाटलास, पण कुणाच्याही हातचं शिजलेलं खाऊ नकोस, मग मी तुझ्या दारात मरायला येते. मी शब्द दिला. तुम्हांला ठाऊक नाही मी काय काय सोडलं ते. बापाला अग्नी देऊ दिला नाही मला.”

“ठाव हाय, अण्णा. समदं सोडलासा.”

“सगळं.”

“यवडं येक सोडून.”

अण्णांनी मान खाली घातली. म्हातारीचा हात वातीवर थांबला होता.

“पर अण्णा, प्रभुभोजनाला पाव हुबळीच्या मुसलमान भट्टीवाल्याचा यितो. त्यो खातासा की तुमी.”

“तो भाजलेला असतो... बाहेरचा... त्याचं...” शिकवताना त्यांचं वाक्य कधी अडत नसे.

“तोंड वळकीचं न्हाई त्येचं,” कौसल्या म्हणाली. “माजं हाय.”

ती उठली. “पीठ ठिवा तुमच्याकडं. कोरडं हाय. चालतंय तुमास्नी.”

वाटेला लागताना मागून म्हातारीचा आवाज आला. ती मुलाला विचारत होती, “काय म्हणाली रे ती? मोठ्यानं सांग की.” अण्णांनी ते सांगितलं की नाही, कळायला मार्ग नाही.

ईस्टरच्या सकाळी रायापूरच्या शेडमध्ये माणूस मावत नव्हता. सारवण ताजं होतं. बायांनी दाराला आंब्याची पानं लावली होती, कारण दाराला पानं लावायची नाहीत असं पुस्तकात कुठं नव्हतं. सटवाजी धुतलेल्या सदऱ्यात मेजाशी उभा होता. त्या दिवसांत तो वाळला होता. वस्तीनं पुन्हा मूठ मूठ जोंधळा दिला होता. का, ते कौसल्येनं सोनाबाईला सांगितलं होतं आणि सोनाबाईनं सगळ्यांना. पाद्री यायच्या तोंडावर कौसल्येनं वस्तीतल्या चुलीवर एक भाकरी केली. मोठी, पातळ, काठ गोल. ती पितळीत ठेवून, वर पळसाचं पान झाकून, तिनं मेजाच्या मधोमध ठेवली आणि बायांत जाऊन बसली.

पाद्र्यांची मोटार आली. रुळाचा तुकडा वाजला. पाद्री आले, मागं भीमसेनअण्णा आले, त्यांच्या मागं हेमावतीबाई, हातात पांढऱ्या फडक्याखाली ताट. त्यांनी ते मेजावर ठेवलं. ठेवताना पितळीला ताट लागलं आणि आवाज झाला.

पाद्र्यांनी फडकं उचललं, पान उचललं. दोन भाकरी.

“हे काय आहे?” त्यांनी सटवाजीला विचारलं. “दोन कशाला?”

“दोनी वस्तीच्या जोंदळ्याच्या हाईत, साहेब.”

“मग उत्तम! मग भांडण कशाचे आहे?”

“पान्याचं,” सटवाजी म्हणाला.

पाद्र्यांना ते कळलं नाही. म्हणजे शब्द कळले. त्यांनी अण्णांकडं पाहिलं. अण्णा दाराशेजारी भिंतीला टेकून बसले होते, आणि त्यांचे डोळे त्या दोन भाकरींवर होते.

“सटवाजी,” पाद्री हळू, समजुतीनं म्हणाले, “आज आनंदाचा दिवस आहे. तुम्हांला आज मी नेमणार आहे. ताटातली ही भाकर सर्व वडिलांना मान्य आहे. एकीने चालावे. दुसरी भाकर नंतर सर्वजण घरी न्या, खा. तीही चांगलीच आहे. होय ना?”

सगळी शेड सटवाजीकडं बघत होती. त्याचा हात मेजाच्या कडेवर होता, त्यानं स्वतः घासलेल्या कडेवर. होय म्हटलं की तो उपदेशक होता.

“न्हाई, साहेब,” तो म्हणाला. त्याचा गळा गोड होता असं सगळे म्हणत. ते दोन शब्द खरखरीत निघाले. “घरी न्यायची आसती तर मेज कशाला केलं आस्तं?”

पाद्र्यांनी उसासा टाकला. त्यांना घाई नव्हती, राग नव्हता. त्यांना वाटलं, हे नवऱ्याबायकोचं काहीतरी आहे, वेळ गेला की निवळेल. त्यांनी कौसल्येची पितळी दोन्ही हातांनी उचलली, आदरानं, काठ सांभाळून. ठेवायला दुसरी जागा दिसेना, म्हणून त्यांनी ती वाकून मेजाच्या पायाशी, जमिनीवर ठेवली. मग सरळ झाले आणि प्रार्थनेसाठी डोळे मिटले.

कौसल्या उठली. बायांनी गुडघे आवळून तिला वाट दिली. ती मेजापर्यंत गेली, वाकली, पितळी उचलली. पळसाचं पान मेजावर राहिलं होतं. ते तिनं घेतलं आणि भाकरीवर नीट झाकलं. सटवाजीकडं तिनं एकदा पाहिलं. तो मेजाची कड सोडून तिच्या बाजूला झाला.

दारापाशी भीमसेनअण्णा उभे राहिले. वाट द्यायला उभे राहिले की अंग चोरायला, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. पितळी त्यांच्या छातीजवळून गेली. भाकरी अजून गरम होती. तिचा वास त्यांना आला असणार.

पाद्र्यांची प्रार्थना चालली होती. कौसल्येनं उंबरा ओलांडला आणि ती बाहेर चिंचेकडं चालू लागली.